लाइनमन सोडावा की धरून ठेवावा? तीन संघांचे अनुभव शेजारी-शेजारी

मार्च जवळ आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मित्रमंडळींत एक वाद ठरलेला. अमेरिकन फुटबॉलमधल्या कुणाच्या तरी आवडत्या संघातल्या ऑफेन्सिव्ह लाइनमनचा (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे भिंत करून उभ्या राहणाऱ्या पाच जणांपैकी एकाचा) करार संपत असतो आणि दुसरा संघ भलीमोठी रक्कम घेऊन टपलेला असतो. निम्मे म्हणतात, "मागेल ते द्या." निम्मे म्हणतात, "जाऊ द्या, ड्राफ्ट कशासाठी असतो?" (ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी कॉलेजच्या खेळाडूंमधून संघांनी फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू घेणं; त्यातली एक पाळी म्हणजे एक निवड.) यंदा तुम्हालाही यातली एक बाजू घ्यायची असेल, तर तो खेळाडू किती चांगला आहे यावर फार वेळ घालवू नका. चांगला आहे म्हणूनच त्याला मागणी आहे. तो गेल्यावर त्या जागी कोण उभा राहणार आणि तो माणूस आज संघात आहे का, हे आधी विचारा. हा प्रश्न एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या तीन संघांनी तीन तऱ्हांनी हाताळला.

न्यू इंग्लंड, २०१८: जाऊ दिलं

नेट सोल्डर हा २०११ च्या ड्राफ्टमधला १७ वा खेळाडू. न्यू इंग्लंडच्या पेट्रियट्सचा लेफ्ट टॅकल (भिंतीच्या डाव्या टोकाचा लाइनमन) म्हणून त्याने कित्येक वर्षं क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीची पाठ सांभाळली. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक चेंडू टाकायला वळला की डावीकडून धावून येणारा त्याला दिसत नाही. लेफ्ट टॅकलला इतके पैसे मिळतात ते त्यामुळेच. मार्च २०१८ मध्ये जायंट्सनी सोल्डरला चार वर्षांसाठी ६ कोटी २० लाख डॉलर देऊ केले. तोवर कुठल्याही ऑफेन्सिव्ह लाइनमनची वार्षिक सरासरी एवढी नव्हती. त्या वर्षी संपूर्ण संघाची पगारमर्यादा १७ कोटी ७२ लाख होती. म्हणजे सरासरीने पाहिलं तर त्यातले जवळजवळ नऊ टक्के एकट्याला.

पेट्रियट्सनी बोली वाढवली नाही. एप्रिलमध्ये त्यांनी तिसऱ्या फेरीची एक निवड देऊन फोर्टीनाइनर्सकडून ट्रेंट ब्राउन आणि पाचव्या फेरीची एक निवड घेतली. ब्राउन म्हणजे सहा फूट आठ इंचांचा डोंगर. २०१५ मध्ये सातव्या फेरीत निवडला गेलेला आणि नवखेपणीच्या स्वस्त कराराच्या शेवटच्या वर्षात असलेला. शिवाय ड्राफ्टमध्ये २३ व्या क्रमांकावर आयझाया विन घेतला. एका जागेसाठी दोन माणसं! ऑगस्टमध्ये सरावसामन्यात विनला दुखापत झाली आणि त्याचं पूर्ण वर्ष गेलं, तेव्हा या दूरदृष्टीची किंमत कळली. ब्राउनने डावी बाजू सांभाळली. बाद फेरीच्या तीन सामन्यांत मिळून ब्रेडी फक्त एकदा सॅक झाला, म्हणजे चेंडू टाकण्याआधी पाडला गेला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये रॅम्सना १३–३ हरवून संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. सोल्डर गेल्याबद्दल पुढच्या ड्राफ्टमध्ये भरपाई म्हणून तिसऱ्या फेरीची निवडही मिळाली. दिलं तेवढं परत आलं.

इथेच थांबलं तर "जाऊ द्या" म्हणणारे जिंकतात. पण पुढच्याच मार्चमध्ये ब्राउनही ६ कोटी ६० लाखांवर रेडर्सकडे गेला. २०१९ मध्ये विन दोन सामन्यांत पुन्हा जायबंदी झाला, सेंटर (लाइनच्या मधोमध उभा राहणारा) डेव्हिड अँड्र्यूज फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळ्यांमुळे वर्षभर बाहेर राहिला, आणि डावी बाजू ऐनवेळी आणलेल्या मार्शल न्यूहाउसवर आली. बाद फेरीत टायटन्सनी पहिल्याच सामन्यात घरी बसवलं. ब्रेडीचा पेट्रियट्ससाठीचा तो शेवटचा सामना.

तेव्हा हा मार्ग एकदा चालून संपत नाही, दरवर्षी नव्याने चालावा लागतो. आणि त्याला दांते स्कार्नेकियासारखा प्रशिक्षक लागतो. सातव्या फेरीतला माणूस सुपर बोलच्या दर्जाचा करून घेणं हे त्याचं काम होतं. तुमच्या संघाकडे तसा माणूस नसेल, तर हे उदाहरण वादात वापरू नका.

पैसे देणाऱ्याचं काय झालं? जायंट्सचे पुढचे दोन हंगाम ५–११ आणि ४–१२ असे गेले. २०२० मध्ये चौथ्या क्रमांकाची मौल्यवान निवड पुन्हा टॅकलवर, अँड्र्यू थॉमसवर, खर्च करावी लागली. सोल्डरबद्दल मला आजही आदर आहे. पण बाकीची भिंत खचलेली असताना एकच खांब महागाचा आणला, तर छप्पर टिकत नाही.

सिॲटल, २००६: थोडं वाचवायला गेले

स्टीव्ह हचिन्सन हा त्या काळातला उत्तम लेफ्ट गार्ड, म्हणजे सेंटर आणि लेफ्ट टॅकल यांच्या मधला लाइनमन. त्याच्या आणि लेफ्ट टॅकल वॉल्टर जोन्सच्या मागून धावत शॉन अलेक्झांडरने २००५ मध्ये १,८८० यार्ड काढले आणि संघ सुपर बोलपर्यंत पोचला. टॅग म्हणजे करार संपणाऱ्या खेळाडूला ठरलेल्या रकमेवर आणखी एक वर्ष धरून ठेवण्याची सोय. सिॲटलच्या सीहॉक्सनी हचिन्सनला फ्रँचायझी टॅगऐवजी ट्रान्झिशन टॅग लावला. त्यात सुमारे सहा लाख डॉलर वाचले. पण या टॅगमध्ये दुसऱ्याच्या बोलीची बरोबरी करण्याचाच हक्क मिळतो. ती केली नाही तर बदल्यात काहीच नाही.

व्हायकिंग्सनी सात वर्षांच्या ४ कोटी ९० लाखांच्या बोलीत एक कलम घातलं: हचिन्सन संघातला सर्वाधिक पगाराचा लाइनमन नसेल, तर पूर्ण रकमेची हमी द्यावी लागेल. सिॲटलमध्ये जोन्सचा पगार जास्त होता, त्यामुळे बरोबरी करणं अशक्य झालं. लवादाचा निर्णयही विरोधात गेला. २००६ मध्ये अलेक्झांडर ८९६ यार्डांवर आला. पाय मोडल्याने तो बरेच सामने मुकला हे खरं, पण खेळला तेव्हाही ती वाट पूर्वीसारखी उघडत नव्हती. हचिन्सन २०२० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. असली कलमं पुढे बंद झाली, ट्रान्झिशन टॅगमधला धोका मात्र तसाच आहे. ठेवायचा असेल तर पुरता ठेवा, सोडायचा असेल तर मोकळेपणाने सोडा.

कॅन्सस सिटी, २०२१ पासून: विकत घेतला, सोडला, पुन्हा शोधला

फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीच्या चीफ्सचे दोन्ही मुख्य टॅकल दुखापतीने बाहेर होते. टॅम्पा बेने त्यांचा क्वार्टरबॅक महोम्स याला मैदानभर पळवलं आणि ३१–९ असा सामना नेला. त्यानंतर चीफ्सनी पूर्ण लाइन बदलली. पेट्रियट्सचा गार्ड जो थूनी पाच वर्षांसाठी ८ कोटींना घेतला, टॅकल ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर अदलाबदलीत आणला, सेंटर क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत आणि गार्ड ट्रे स्मिथ चक्क सहाव्या फेरीत मिळाला. दोन वर्षांनी, हंगामात ७० सॅक केलेल्या ईगल्सना अंतिम सामन्यात महोम्सला एकदाही पाडता आलं नाही.

मग २०२३ मध्ये ऑर्लँडो ब्राउन चार वर्षांच्या ६ कोटी ४० लाखांवर बेंगॉल्सकडे गेला. डावीकडे डोनोव्हन स्मिथ एका वर्षासाठी आला आणि त्यावर निभावलं. सुपर बोलही मिळाला. मधली फळी (गार्ड आणि सेंटर) भक्कम असल्याने हे जमलं, असं माझं ठाम मत आहे. २०२४ मध्ये मात्र निभावेना. नवखा सुआमातिया दोन सामन्यांत बाजूला झाला, नंतर आलेल्यांनाही ती जागा पेलली नाही, आणि शेवटी थूनीलाच गार्डवरून टॅकलवर सरकवलं. एक भोक बुजवताना दुसरं पडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच ईगल्सनी महोम्सला सहा वेळा पाडून ४०–२२ ने हरवलं. त्यानंतर एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत टॅकल जॉश सिमन्स घेतला. तहान लागल्यावर विहीर खणली ती अशी.

मग बाजू कुठली घ्यायची?

जाणारा लेफ्ट टॅकल असेल आणि त्याच्यामागे किमान एक हंगाम घरात तयार झालेला माणूस नसेल, तर मी पैसे देण्याच्या बाजूने आहे, रक्कम डोळ्यांत खुपली तरी. दोन वर्षं आधीच ड्राफ्टमधून कुणी घेतला असेल, तर खुशाल निरोप द्या.

गार्ड किंवा सेंटरच्या बाबतीत मन जरा घट्ट करता येतं, कारण ते ड्राफ्टच्या खालच्या फेऱ्यांतही सापडतात. त्यातच फ्रँचायझी टॅगची रक्कम ठरवताना लाइनचे पाचही जण एकाच गटात मोजले जातात, त्यामुळे गार्डला टॅग लावला तरी टॅकलच्या दराने पैसे जातात. पेट्रियट्सनी २०२० मध्ये थूनीसाठी जवळजवळ १ कोटी ४८ लाख असे मोजले, एक वर्ष मिळालं आणि तो गेलाच.

भरपाईच्या निवडीचा मुद्दा कुणी काढेल. तेवढ्याच किमतीचा फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला खेळाडू) तुम्ही बाहेरून आणलात, तर हिशेबात ती निवड रद्द होते. अदलाबदलीत आणलेला किंवा दुसऱ्या संघाने मुक्त केलेला खेळाडू या हिशेबात धरत नाहीत. ट्रेंट ब्राउनला अदलाबदलीत आणून पेट्रियट्सनी नेमका हाच फायदा घेतला होता.