तांबड्या मातीसाठी कोणता डिफ? आरसी ट्रकच्या सीलबंद गियर डिफचे परीक्षण

बेळगाव परिसरात रिमोटवर चालणारे रेसिंग ट्रक पळवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला आखीवरेखीव ट्रॅक येत नाही. पीक निघाल्यावर मोकळी झालेली शेते, येळ्ळूर आणि खानापूरच्या बाजूचे मुरमाड माळ आणि नव्या लेआउटमधील रिकामे प्लॉट हीच आपली मैदाने आहेत. पश्चिमेला जांभ्याची तांबडी माती आहे, जी एप्रिल-मे महिन्यांत पिठासारखी बारीक होऊन प्रत्येक फटीत शिरते. पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे गेले की काळी जमीन लागते, जी थोड्या ओलीनेही चाकांना आणि सस्पेन्शनच्या हातांना चिकटून गाडीचे वजन वाढवते. अशा जमिनीवर ट्रकचा कोणता भाग सर्वांत आधी थकतो, असे विचारल्यास मोटार किंवा बॅटरीच्या आधी मी डिफरन्शियलचे, म्हणजेच डिफचे, नाव घेईन. माझ्या दहास एक मापाच्या (खऱ्या गाडीच्या एक दशांश), मागील चाकांवर चालणाऱ्या शॉर्ट कोर्स ट्रकमध्ये (मातीवरच्या शर्यतीच्या ट्रकच्या छोट्या प्रतिकृतीत) आधी गोळ्यांच्या घर्षणावर चालणारा बॉल डिफ होता; त्या जागी मी दातेरी चाकांच्या, तेल भरलेल्या सीलबंद गियर डिफचा संच बसवला आणि पावसाळा सोडून सर्व ऋतूंत तो वापरला. संचाच्या निर्मात्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढील निरीक्षणे या रचनेच्या जवळजवळ सर्व संचांना लागू पडतात.

डिफचे मूळ काम सर्वांना ठाऊक आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते आणि दोन्ही चाकांना शक्ती देत असतानाच त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा म्हणजे डिफरन्शियल. पेकर या फ्रेंच तंत्रज्ञाने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी मांडलेली ही कल्पना आपल्या हातातल्या ट्रकमध्ये तत्त्वतः तशीच आहे. रेसिंगच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे: दोन चाकांमधील गतीचा हा फरक किती सहज होऊ द्यायचा? तो फारच सहज झाला तर आतले हलके झालेले चाक जागच्या जागी भिरभिरते आणि ट्रक वळणातून बाहेर पडताना पुढे सरकत नाही. तो फारच अवघड झाला तर पुढची चाके वळवूनही ट्रक सरळ रेटत जातो किंवा सैल मातीवर त्याची शेपटी फिरते.

या प्रश्नाची गियर डिफ आणि बॉल डिफ ही दोन प्रचलित उत्तरे आहेत आणि निर्मात्यांनीही दोन्ही वापरली आहेत. ट्रॅक्सासने २००८ मध्ये आणलेल्या स्लॅश या ट्रकमध्ये कारखान्यातूनच गियर डिफ येतो, तर टीम असोसिएटेडच्या एससी१० मध्ये बॉल डिफ होता.

बॉल डिफचा मी आदर करतो. इंग्लंडमधील सेसिल शूमाकर यांनी तो सपाट ट्रॅकवर धावणाऱ्या छोट्या विद्युत मोटारींसाठी आणला, आणि त्याचा स्वभाव आजही तसाच आहे. गियरमध्ये बसवलेले टंगस्टन कार्बाइडचे किंवा सिरॅमिकचे गोळे दोन पोलादी कड्यांमध्ये स्प्रिंगच्या दाबाने धरलेले असतात आणि शक्ती दातांऐवजी घर्षणातून पुढे जाते. त्यामुळे त्याची हालचाल कमालीची मऊ असते आणि बाहेरून एक स्क्रू थोडासा फिरवून त्याचा कडकपणा बदलता येतो. कडक, झाडलेल्या आणि पाणी शिंपडून दाबलेल्या जमिनीवर बॉल डिफ लावलेला ट्रक वळणात जितका आज्ञाधारक वाटतो, तितका गियर डिफचा वाटत नाही. परंतु हेच घर्षण धुळीसमोर हतबल ठरते. बॉल डिफला खऱ्या अर्थाने झाकण नसते. तांबड्या मातीचे कण कड्यांवरच्या वंगणात मिसळले की गोळे त्या कड्यांत चर पाडू लागतात आणि अंगठ्याने फिरवून पाहिल्यावर खरखर जाणवू लागते. चर उथळ असेपर्यंत कडे उलटे करून किंवा काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून पुन्हा वापरता येते; खोल गेल्यावर ते बदलण्यावाचून इलाज नसतो.

ज्यांच्याकडे बॉल डिफच आहे त्यांनी दोन गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात. गोळ्यांना फक्त बॉल डिफसाठीचे सिलिकॉन वंगण लावावे आणि मॉलिब्डेनमयुक्त काळे ग्रीस केवळ थ्रस्ट बेअरिंगला (स्क्रूचा दाब पेलणाऱ्या बेअरिंगला) लावावे. या दोहोंची अदलाबदल झाली तर गोळे घसरतात आणि काही मिनिटांतच तापून कडी निकामी होतात. दुसरी गोष्ट म्हणजे स्लिपर क्लच (झटका आल्यावर स्वतः घसरून गियर वाचवणारा भाग) नेहमी डिफच्या आधी घसरला पाहिजे. स्पर गियर (मोटार ज्याला फिरवते तो मोठा गियर) आणि एक मागचे चाक घट्ट धरून दुसरे चाक हाताने फिरवून पाहावे. ते सहज फिरले तर डिफ सैल आहे. तशा स्थितीत ट्रक एकदाही पूर्ण थ्रॉटलवर सोडू नये.

आता गियर डिफकडे वळतो. बंद डब्यात दोन मोठे गियर समोरासमोर असतात, त्यांच्यामध्ये पिनांवर फिरणारे लहान गियर असतात आणि उरलेल्या जागेत दाट सिलिकॉन तेल भरलेले असते. चाकांच्या गतीत फरक पडू लागला की हे तेल दातांमधून पिळले जाते आणि त्या फरकाला विरोध करते. अर्थात, या डिफची संपूर्ण वागणूक त्या तेलावर अवलंबून असते आणि तेल आत राहणे सीलवर अवलंबून असते. म्हणून संच पाहताना चकाकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या डब्याकडे किंवा दातांच्या संख्येकडे जाण्याआधी मी शाफ्ट जिथून बाहेर येतो ती जागा पाहतो.

माझ्या संचातील गियर उत्तम निघाले. दातांवर कंगोरे नव्हते आणि पिना सरळ होत्या. ओ-रिंगबाबत (शाफ्टभोवती बसून तेल अडवणाऱ्या रबरी कडीबाबत) मात्र मी समाधानी नाही. सोबत आलेल्या रिंगा तेलात राहून फुगल्या, शाफ्ट जड फिरू लागला आणि नंतर त्याच रिंगा सैल पडून तेल बाहेर येऊ लागले. सिलिकॉन रबर सिलिकॉन तेलात फुगते. या कामासाठी नायट्राइल रबरच हवे. येथे आपल्या गावाचा मोठा फायदा आहे. उद्यमबागेत आणि मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकची कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असल्याने सील आणि ओ-रिंग विकणारी दुकाने आपल्याला परकी नाहीत. शाफ्टचा व्यास आणि रिंग बसण्याच्या खाचेची खोली व्हर्नियरने मोजून न्यावी, नायट्राइल रिंग स्पष्टपणे मागावी आणि बसवताना तिला किंचित सिलिकॉन ग्रीस लावावे. दुकानदाराला हे कशासाठी हवे आहे ते सांगितल्यास तो अनेकदा आपल्याहून नेमका प्रश्न विचारतो, हा माझा सुखद अनुभव आहे.

रिंग बदलूनही गळती थांबत नसेल तर शाफ्टवरून नख फिरवून पाहावे. बाहेरून आलेली धूळ रिंगेच्या कडेला रुतून बसते आणि मऊ रबर कठीण पोलादात बारीक चर पाडते. असा चर नखाला लागला तर नवी रिंग काही उपयोगाची नाही; आउटड्राइव्ह (डिफमधून बाहेर येणारा हा शाफ्ट) बदलावा. लेथवर तो घासून गुळगुळीत करण्याचा मोह होतो, परंतु व्यास कमी झाला की रिंगेची पकड जाते.

शिमकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. मोठ्या गियरच्या मागे बसणारी ही पातळ चकती नसेल किंवा झिजली असेल, तर दात एकमेकांत पुरेसे खोल शिरत नाहीत आणि उडी मारून उतरताना एखाद्या धक्क्यात ते एकमेकांवरून सरकतात. उलट शिम जास्त झाली तर डिफ रिकामा असतानाच जड फिरतो आणि तो जडपणा तेलाचा आहे, असा आपला समज होतो. माझी पद्धत अशी आहे: तेल न घालता डिफ जोडावा, आउटड्राइव्ह बोटांनी फिरवावा, आणि पूर्ण फेरीत कोठेही अडखळ न होता दातांमध्ये केवळ जाणवेल इतकाच प्ले (मोकळीक) राहीपर्यंत ०.१ मिलिमीटरच्या शिमांनी जुळवणी करावी. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या ट्रकमध्ये क्राउन गियर (डिफवरचा मोठा गियर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा लहान गियर) यांच्या बाबतीतही हीच जुळवणी करावी लागते. त्यासाठी डाव्या बाजूची शिम उजवीकडे नेऊन क्राउन गियर पिनियनच्या जवळ किंवा लांब सरकवता येतो. टिकटिक असा आवाज आला तर जुळवणी सैल आहे; सतत कण्हल्यासारखा आवाज आणि डब्याला ऊब असेल तर ती घट्ट आहे.

तेलाच्या बाटलीवरचा आकडा सेंटिस्टोकमध्ये असेल तरच तो विश्वासाने वापरता येतो. सेंटिस्टोक हे दाटपणाचे भौतिक माप आहे, पाण्याचे ते सुमारे १ असते, त्यामुळे ५००० म्हणजे किती दाट याची कल्पना येते. शॉकच्या (झटके शोषणाऱ्या भागाच्या) तेलावर छापलेले वेट या दुसऱ्या मापाचे आकडे एका कंपनीचे दुसऱ्या कंपनीशी जुळत नाहीत, म्हणून डिफसाठी ते कधीही आधार मानू नयेत. माझ्या मागील-चाकी ट्रकला सैल तांबड्या मातीवर ५००० चे तेल सर्वांत जास्त मानवले. ३००० वर तो वळणात अधिक मोकळेपणाने फिरतो, परंतु बाहेर पडताना आतले चाक धूळ उडवत राहते. १०००० वर सरळ रेषेतली पकड दिसण्यासारखी वाढते, मात्र काळ्या कडक जमिनीवर त्याच ट्रकचे तोंड वळवणे कष्टाचे होते. दहा लाख सेंटिस्टोकची पुटीसारखी तेलेही मिळतात आणि काही जण डिफ जवळजवळ जाम करण्यासाठी ती भरतात. खडकावर चढणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग असेल. रेसिंगच्या ट्रकला मी तसे करणार नाही.

चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या, तीन डिफच्या ट्रकसाठी पुढे ५०००, मध्ये ५००० ते ७००० आणि मागे ३००० ही सुरुवात समंजस आहे. पुढचे तेल दाट केल्यास थ्रॉटल देताना ट्रक वळणातून ओढला जातो. पातळ केल्यास थ्रॉटल सोडल्यावर तो लवकर आत वळतो. मधल्या डिफचे तेल पातळ असेल तर प्रवेगाच्या वेळी हलकी झालेली पुढची चाके भिरभिरत फुगतात आणि मागच्या चाकांना पोहोचायची शक्ती तिथेच वाया जाते. एका वेळी एकाच डिफचे तेल बदलावे, अन्यथा कोणत्या बदलाने काय घडले ते कधीच समजत नाही.

भरण्याची रीत साधी आहे, परंतु तिला घाई चालत नाही. तेल लहान गियरच्या पिना जेमतेम बुडतील इतकेच भरावे आणि वर थोडी हवा राहू द्यावी, कारण तापल्यावर तेल प्रसरण पावते आणि काठोकाठ भरलेला डिफ सीलमधून वाट काढतो. गियर हळूहळू फिरवून बुडबुडे वर येऊ द्यावेत, डिफ झाकून थोडा वेळ तसाच ठेवावा, मगच गॅस्केट लावून स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. प्लास्टिकच्या डब्यात स्क्रू जुन्याच आट्यात बसला आहे याची खात्री करण्यासाठी तो आधी उलटा फिरवून बारीकशी टिक ऐकावी. सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा छोटा काटा हाताशी असेल तर भरलेल्या डिफचे वजन लिहून ठेवावे. पुढच्या वेळी तेच वजन आले की वागणूकही तीच येते.

सिलिकॉन तेल पोलादाच्या दातांसाठी फारसे चांगले वंगण नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. भाराखाली दात एकमेकांवर घासून धातूची भुकटी तेलात उतरते आणि स्वच्छ तेल करडे होते. नव्या डिफमध्ये हे सर्वांत लवकर घडते, म्हणून पहिले तेल थोड्याच वापरानंतर काढून टाकावे. गियर ब्रेक क्लीनरने धुवावेत, मात्र ओ-रिंग त्यात किंवा पेट्रोल-थिनरमध्ये बुडवू नये; ती कापडाने पुसणे पुरेसे आहे. तेल गळून गेले आहे का, हे डिफ न उघडताही कळते: स्पर गियर धरून एक चाक फिरवले की दुसरे उलट दिशेने फिरते, आणि ते ताज्या डिफपेक्षा कितीतरी सहज फिरत राहिले तर आत तेल उरलेले नाही.

दोन सेलच्या ७.४ व्होल्ट बॅटरीवर धातूची पूड दाबून बनवलेले गियर पुरतात. तीन सेलच्या ११.१ व्होल्टवर आणि मोठ्या ब्रशलेस मोटारीसोबत कोरून बनवलेले, कठीण केलेले पोलादी गियर घ्यावेत, आणि त्याहूनही आधी उडीतून उतरताना थ्रॉटल सोडण्याची सवय लावावी. हवेत भिरभिरणारी चाके जमिनीला टेकताच जो झटका बसतो, तो कोणताही स्लिपर पूर्णपणे गिळू शकत नाही.

जूनमध्ये पाऊस लागला की खानापूरकडचे माळ पुढचे काही महिने विसरावे लागतात. गियर डिफ तसाच भरलेला ठेवता येतो, फक्त बाहेरच्या बेअरिंगमधील चिखल काढून त्यांना हलके तेल द्यावे आणि ट्रक चाकांवर न ठेवता चॅसिसखाली ठोकळा देऊन ठेवावा. बॉल डिफ असेल तर स्प्रिंगवरचा ताण जाईपर्यंत स्क्रू सैल करावा, आणि तो कितपत आवळलेला होता हे चिठ्ठीवर लिहून ती ट्रकच्या बॉडीखाली चिकटवावी.