१९६७चा हंगाम पुन्हा खेळायचा तर: स्ट्रॅट-ओ-मॅटिक की ॲपबा?

हंगाम ठरला, संघ ठरला, जेवणाचं टेबल रात्री नऊनंतर आपलं हेही घरात मान्य झालं. आता फक्त कुठला खेळ मागवायचा यावर गाडी अडली आहे, अशा माणसासाठी हे लिहितोय. दोन्ही बेसबॉलचेच खेळ, पण टेबलावर फासे आणि खेळाडूंची कार्डं घेऊन खेळायचे; एखादा खरा हंगाम सामन्यागणिक पुन्हा खेळायचा, त्यालाच रिप्ले म्हणतात. मी दोन्ही खेळलोय. दोन्हीकडे हंगाम तोच, १९६७, आणि संघही तोच, बॉस्टन रेड सॉक्स. एकावर ५८ सामने झाले, दुसऱ्यावर पूर्ण १६२. त्यामुळे मी अगदी तटस्थ आहे असं म्हणणार नाही. तरी दोन्हींना न्याय द्यायचा प्रयत्न करतो.

बॉस्टनजवळ राहायला आल्यापासून त्या उन्हाळ्याच्या गोष्टी कानावर पडत होत्या. आपल्याकडे जुनी माणसं वाडेकरांचं १९७१ ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात इथली माणसं १९६७ सांगतात. आदल्या वर्षी नववा आलेला संघ त्या वर्षी ९२ सामने जिंकून पहिला आला. मिनेसोटा आणि डेट्रॉइट ९१ वर थांबले, शिकागो ८९ वर. निकाल लागला तो शेवटच्या दिवशी. बॉस्टनच्या यास्ट्रझेम्स्कीची बॅटिंग सरासरी .३२६, ४४ होमरन, १२१ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन). रिप्लेसाठी याहून मोहात पाडणारं वर्ष नाही, आणि याहून अवघडही नाही. चार संघ तीन सामन्यांच्या अंतरात उभे असताना खेळाच्या यंत्रणेत जरा खोट असली तरी ती क्रमवारीत लगेच दिसते.

सुरुवात स्ट्रॅटपासून केली, कारण ज्याला विचारावं तो तेच सांगत होता. हॅल रिचमनने १९६१ मध्ये बाजारात आणलेला हा खेळ एका फार सुरेख कल्पनेवर उभा आहे. पांढऱ्या फाशावर १, २, ३ पडले तर निकाल बॅटरच्या कार्डावर, ४, ५, ६ पडले तर पिचरच्या. म्हणजे प्रत्येक वेळी दोघांची खरीखुरी झुंज. १९६७ साठी हे फार महत्त्वाचं, कारण ते पिचरांचं वर्ष. शिकागो व्हाइट सॉक्स संघाची बॅटिंग सरासरी .२२५ होती, तरी ते सप्टेंबर अखेरपर्यंत शर्यतीत राहिले ते निव्वळ पिचिंगवर. २.०६ ईआरएवाला (म्हणजे नऊ इनिंगमागे सरासरी इतकेच रन देणारा) शिकागोचा जोएल हॉर्लन समोर असला आणि पांढऱ्या फाशावर ४ किंवा त्याहून वर पडलं की पोटात गोळा यायचा. हे श्रेय स्ट्रॅटचंच.

फील्डिंगही तसंच. पिचरच्या कार्डावर काही नोंदींपुढे एक्स असतो. तो आला की त्या जागेवर कोण उभा आहे ते बघायचं, १ ते ५ मधला त्याचा दर्जा बघायचा, आणि पुन्हा फासे टाकायचे. बॉल्टिमोरविरुद्ध चेंडू तिसऱ्या बेसकडे गेला आणि तिथे ब्रुक्स रॉबिन्सन असला की फासे टाकायच्या आधीच मी पेन्सिलीने आउट लिहायला घ्यायचो.

मग ५८ सामन्यांवर का थांबलो? वीस बाजूंच्या फाशापायी.

खेळणाऱ्यांना कळलंच असेल. कार्डावर ठळक अक्षरात होमरन लिहिलेलं असतं, आणि पुढे बारीक अक्षरात, समजा, १-११. खालच्या ओळीत फ्लाय आउट, १२-२०. म्हणजे दान पडलं, होमरन दिसला, हात वर गेला, आणि आता खाली घ्या. वीस बाजूंचा फासा टाका आणि मग सांगा काय झालं ते. गणिताच्या दृष्टीने हे अगदी योग्य आहे, कारण ज्या फलंदाजाला जेवढे होमरन मिळायला हवेत तेवढेच मिळावेत म्हणून ती वाटणी केलेली असते. पण माझ्या मनाला ते कधी पटलं नाही. पानात वाढलेली पुरणपोळी कुणीतरी उचलून न्यावी तसं वाटायचं.

शेवटचा प्रसंग सांगतो. फेब्रुवारी, बाहेर बर्फ, टेबलावर जूनचा मध्य. नववी इनिंग, दोन आउट, बॉस्टन एका रनने मागे, पहिल्या बेसवर रनर, बॅटिंगला यास्ट्रझेम्स्की. फासे पडले, कार्डावर होमरन, पुढे ती वाटणी. वीस बाजूंचा फासा टाकला तो टेबलावरून उडाला आणि थेट फ्रिजखाली गेला. मोबाइलचा टॉर्च लावून, पालथा पडून पाहिलं तर वर १७. आता हे दान धरायचं की फासा काढून पुन्हा टाकायचा? फ्रिजखालच्या दानाचा नियम कुठे असतो? प्रामाणिकपणे १७ धरला. आउट. सामना गेला. स्कोअरशीट फाइलला लावली, डबा बंद केला, आणि तो पुढचे आठ महिने उघडला नाही.

दोष खेळाचा नाही, माझ्या स्वभावाचा आहे. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ त्याच वाटणीसाठी स्ट्रॅट खेळतात. त्यांच्या मते खरी उत्कंठा त्या दुसऱ्या फाशातच आहे. असेलही. पण एका सामन्यात असं सात-आठ वेळा थांबायचं आणि असे १६२ सामने, हे माझ्याच्याने झालं नाही. माझा एक सामना चाळीस मिनिटांचा व्हायचा. १६२ ने गुणून बघा, शंभर तासांच्या वर जातं.

पुढच्या हिवाळ्यात ॲपबा आणला. हा वयाने थोरला. रिचर्ड सेट्झने १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरहून विकायला सुरुवात केली, आणि त्याचं वय दिसतं हे मान्य. मोठा लाल फासा दशक, छोटा पांढरा एकक, म्हणजे ११ ते ६६. बॅटरच्या कार्डावर त्या दानासमोर एक आकडा असतो. तो आकडा घेऊन तक्त्यावर जायचं. बेस रिकामे असतील तर एक तक्ता, पहिल्यावर रनर असेल तर दुसरा, असे एकूण ८. पहिले पंधरा दिवस मी मान वरखाली करूनच दमलो. हे काय लावलंय, म्हणून खेळ परत करायचंही मनात येऊन गेलं.

मग एक गंमत झाली. आकडे पाठ व्हायला लागले. १३ म्हणजे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), १४ म्हणजे वॉक (चार बॉलवर फुकटचा पहिला बेस), १ म्हणजे होमरन, यांत तर पाहायचंच काही नाही. पण वीस-पंचवीस सामन्यांनंतर बाकीचेही असे तोंडावर आले की तक्ता फक्त रनर अडचणीच्या जागी असला तरच उघडायचा. ज्यांनी लहानपणी दिवेलागणीला पाढे म्हटलेत, त्यांना यात काही जड जाणार नाही. सतरा नव्वं त्रेपन्नासे तोंडातून आपोआप निघतं, तसं दान पडताच हाताने स्कोअरशीटवर ‘के’, म्हणजे स्ट्राइकआउटची खूण, लिहिलेलं असायचं. सामना पंचवीस मिनिटांवर आला. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण चहाचा दुसरा कप संपेपर्यंत सातवी इनिंग होते, एवढं नक्की.

आणि शून्य! ॲपबातही दुसरं दान आहे, ते सोयीस्करपणे विसरून चालणार नाही. ताकदीच्या बॅटरच्या कार्डावर काही दानांसमोर ० असतं. ते आलं की पुन्हा फासे टाकून दुसऱ्या रकान्यात पाहायचं. पण शून्य दिसलं तेव्हाच कळलेलं असतं की काहीतरी चांगलं होणार आहे. किती चांगलं, एवढंच बघायचं राहतं. स्ट्रॅटमध्ये दुसरा फासा बहुतेक वेळा हातातलं काढून घ्यायला येतो, निदान मला तरी तसं वाटायचं. इथे तो द्यायला येतो. हिशेबाने दोन्हीकडे बेरीज तीच होत असणार. पण रात्री अकराला एकट्याने खेळताना बेरजेचा उपयोग नसतो.

आता उणी बाजू, आणि ती लहान नाही. ॲपबाच्या मूळ खेळात पिचर म्हणजे एक अक्षर. ए, बी, सी, डी, शिवाय स्ट्राइकआउट आणि नियंत्रणासाठी एखादं जास्तीचं अक्षर. ८ किंवा ९ असा आकडा आला की हिट टिकणार की नाही ते त्या अक्षरावर ठरतं. म्हणजे पिचरचा हात लागतो, पण मोजक्याच दानांना. स्ट्रॅटमधला हॉर्लन मला माणूस वाटायचा, इथला हॉर्लन शेरा वाटतो. फील्डिंगचीही तीच गत. नऊ जणांचे आकडे मिळवून संघाचा दर्जा एक, दोन की तीन ते काढायचं, म्हणजे ब्रुक्स रॉबिन्सन बेरजेत गडप. ॲपबाचाच सविस्तर प्रकार, मास्टर गेम, घेतलात तर यातलं बरंच भरून निघतं, पण मग वेळही वाढतो, आणि वेळासाठीच तर मी इकडे आलो होतो.

एका गोष्टीत मात्र दोन्ही खेळ सारखेच हात वर करतात. १८ ऑगस्ट १९६७ ला बॉस्टनच्या टोनी कॉनिग्लियारोच्या चेहऱ्यावर चेंडू बसला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. ९५ सामने, २० होमरन, वय २२. रेट्रोशीट या जुन्या सामन्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवरून रोजची खरी बॅटिंग ऑर्डर उतरवून खेळत असाल, तर त्या दिवसानंतर त्याचं कार्ड बाजूला ठेवावं लागतं. फाशांना काही माहीत नसतं, तुम्हाला असतं. मी कार्ड पाकिटात ठेवलं, आणि त्या रात्री दुसरा सामना लावला नाही. आधी ठरवून ठेवा, खरी ऑर्डर पाळायची की आपली. अर्धं असं, अर्धं तसं केलंत तर शेवटी त्या नोंदींना काही अर्थ उरत नाही.

माझं बॉस्टन ८८ सामने जिंकून बाद झालं. १ ऑक्टोबरचा मिनेसोटाविरुद्धचा सामना तरीही खेळलो. खरा सामना ५-३ असा जिंकून दिला होता बॉस्टनचा पिचर लॉनबोर्गने, पूर्ण नऊ इनिंग टाकून. माझ्या टेबलावर त्याला सहाव्या इनिंगमध्ये काढावं लागलं.

तर, एखादाच सामना, एखादी मालिका, समोर बसायला मित्र, असा बेत असेल तर स्ट्रॅट घ्या. फाशाखाली जाड टॉवेल अंथरा. पण एकटे असाल, १६२ सामने गाठायचे असतील, आणि दुसऱ्या फाशाने काढून घेतलेला होमरन तुम्हालाही झोपू देत नसेल, तर ॲपबाला महिनाभर द्यावा असं मला वाटतं. पहिल्या पंधरा दिवसांत मत बनवू नका, एवढीच विनंती.

स्ट्रॅटचा डबा विकलेला नाही. पुढच्या हिवाळ्यासाठी १९६८ डोक्यात आहे. त्या वर्षी पिचर बॉब गिब्सनचा ईआरए १.१२ होता, आणि तो एका अक्षरात बसवायला मन होत नाही. फ्रिजखाली सरकवायला लाकडी पट्टी मात्र कापून ठेवली आहे.