‘रॉयल’ म्हणून माथी मारलेला मासा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मागितला होता रॉयल ग्रामा हा मासा, पिशवीतून निघाला रॉयल डॉटीबॅक. दोन्ही बोटभर लांब, दोन्ही पुढून जांभळे आणि मागून पिवळे. बिलावर फक्त ‘रॉयल, १ नग’. तीन आठवड्यांत फायरफिश उडी मारून टाकीबाहेर पडला आणि वाळून गेला, नखाएवढ्या सेक्सी श्रिंप कोळंब्या एकेक करून नाहीशा झाल्या, आणि नंतर आणलेला छोटा गोबी खाण्यापुरताही खडकाबाहेर येईना. तक्रार केल्यावर विक्रेत्याचं उत्तर तयार होतं : ‘मासा रीफ सेफ आहे म्हणून सांगितलं होतं. आहेच. तुमच्या माशांचं आपसांत जमत नाही, त्याला आम्ही काय करणार?’

खरी मेख या उत्तरातच आहे. रीफ सेफ म्हणजे मासा प्रवाळांचे लचके तोडत नाही, एवढंच. तो शेजारच्या माशाला जगू देईल की नाही, कोळंबी खाईल की नाही, याबद्दल तो शब्द अवाक्षर काढत नाही. डॉटीबॅक प्रवाळाला खरोखरच तोंड लावत नाही, त्यामुळे विक्रेता शब्दशः खोटं बोललेला नसतो. गिऱ्हाईक मात्र ‘रीफ सेफ’चा अर्थ ‘टाकीतल्या सगळ्यांना सुरक्षित’ असा घेतं, आणि समोरचा तो घेऊ देतो.

रॉयल ग्रामा (शास्त्रीय नाव ग्रामा लोरेटो) हा कॅरिबियन समुद्राकडचा, रॉयल डॉटीबॅक (पिक्टिक्रोमिस पॅकाग्नेला) पश्चिम प्रशांत महासागरातला. दोघांची कुळंही वेगळी. ग्रामासुद्धा आपल्या कपारीपुरता भांडतो, समोर आलेल्यावर तोंड वासतो. पण दुसरा मासा मागे सरला की विषय संपतो. डॉटीबॅक पाठलाग सोडत नाही. त्याला अख्खी टाकी आपली वाटते, आणि १५०-२०० लिटरच्या टाकीत पळून जायला जागा तरी कुठे असते? फायरफिशसारख्या भित्र्या माशाला मग वरचीच वाट उरते. (टाकीवर बारीक जाळी हवीच, पण जाळीने उडी थांबते, छळ थांबत नाही.)

ओळखायच्या खुणा अशा. ग्रामाच्या जांभळ्याचा पिवळा एका रेषेत होत नाही. मध्यावर ठिपक्याठिपक्यांनी रंग एकमेकांत मिसळतात. पाठीवरच्या पराच्या पुढच्या भागात काळा डाग असतो आणि डोळ्यातून एक गडद रेघ जाते. डॉटीबॅकचे दोन रंग मात्र सुरीने कापल्यासारखे वेगळे, डाग नाही, आणि पर जवळजवळ पारदर्शक. दुकानात निळे दिवे असतात, त्यांत हे काहीच धड दिसत नाही. पांढरा दिवा लावायला सांगा, नाहीतर मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा. लावत नसतील तर मासा घेऊ नका.

फसवणुकीचा दुसरा प्रकार याहून वाईट, कारण त्यात मासा अगदी बरोबर असतो, मरतो तुमच्याकडे, आणि दोष तुमच्या पाण्यावर येतो. पुष्कळ दुकानांत माशांच्या टाक्यांची क्षारता मुद्दाम कमी ठेवतात, १.०१८च्या आसपास (हा आकडा शुद्ध पाण्याच्या तुलनेत पाणी किती जड, ते सांगतो). मीठ वाचतं, परजीवींचा जोर थोडा कमी राहतो. काही ठिकाणी पाण्यात औषधाच्या मात्रेपेक्षा कमी तांबंही सोडलेलं असतं. त्याने क्रिप्टोकॅरियॉन, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा परजीवी, मरत नाही, फक्त दबतो. दुकानात मासा लखलखीत दिसतो. तुमच्या रीफ (प्रवाळांच्या) टाकीची क्षारता १.०२५ किंवा १.०२६, आणि तिथे तांबं नाही, कारण ते कोळंबी-गोगलगायींना मारतं. मग आठ-दहा दिवसांत अंगावर मीठ शिंपडल्यासारखे ठिपके उठतात, आणि रोग टाकीतल्या जुन्या माशांनाही लागतो.

क्षारतेचा फटका त्याआधी बसतो. समुद्री माशाच्या शरीरातलं पाणी सतत बाहेर खेचलं जातं. तो समुद्राचं पाणी पिऊन आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकून तोल सांभाळतो. १.०१८मध्ये हे काम हलकं असतं. तासाभरात १.०२५मध्ये आणून सोडलं की यंत्रणा तेवढ्या वेगाने जुळत नाही. पहिल्या दिवशी मासा ठीक दिसतो, दोन-तीन दिवसांनी आडवा होतो. पिशवीत तासभर थेंब-थेंब टाकीचं पाणी सोडून हा फरक भरून निघत नाही. लांबून आलेल्या पिशवीत तर ते उलटंच पडतं. माशाच्या श्वासाने पाण्याचा पीएच खाली गेलेला असतो, पिशवी उघडली की तो चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो.

म्हणून पाणी माशाशी जुळवायचं. आधी विचारून घ्या की त्यांची क्षारता किती, आणि पिशवी उघडल्या उघडल्या स्वतः रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजायच्या उपकरणाने) मोजा. सांगितलेला आकडा आणि पिशवीतला आकडा वेगळा निघाला तर विक्रेता कसा आहे तेही कळतं. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणावर जुळवलेला असावा. नुसत्या शुद्ध पाण्यावर जुळवला तर वरच्या आकड्यांत फसवतो. वेगळ्या क्वारंटाइन टाकीत पिशवीएवढीच क्षारता ठेवा, तापमान जुळलं की मासा सोडा, आणि क्षारता दिवसाला ०.००१ ते ०.००२ने चढवा. तिथे किमान महिनाभर. पिशवीतलं पाणी मुख्य टाकीत एक पेलाभरही जाऊ देऊ नका.

बाकीच्या क्लृप्त्या थोडक्यात. क्लाउनफिशची ‘जोडी’ म्हणून दोन सारख्याच मोठ्या माद्या देतात. क्लाउनफिश सगळे आधी नर असतात आणि गटातला वरचढ मासा मादी होतो, त्यामुळे खऱ्या जोडीत एक ठळक मोठा आणि एक लहान असतो, आणि लहाना मोठ्यासमोर अंग थरथरवून शरण जातो. दोन मोठ्या माद्या एकत्र म्हणजे मारामारी. डॉमिनो डॅमसेल बटणाएवढा असताना गोड दिसतो; १२-१४ सेंटीमीटरचा झाला की टाकीचा दादा. ‘सफाई करणारा मासा’ म्हणून कधीकधी नकली क्लीनरही येतो, जो इतरांच्या परांचे तुकडे खातो. खऱ्या क्लीनर रास माशाचं तोंड नाकाच्या टोकाला असतं, नकल्याचं खालच्या बाजूला, आत ओढलेलं.

मँडरिन माशाबद्दल मात्र थोडं थांबून. ‘फ्रोझन (गोठवलेलं खाद्य) खातो’ हे वाक्य ऐकवून तो बऱ्याचदा विकला जातो, आणि बऱ्याचदा उपासमारीने मरतो. तो दिवसभर खडकांवरून कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक कवचधारी जीव, टिपत फिरतो. नवीन टाकीतले कोपेपॉड काही दिवसांतच संपतात. खातो म्हणतात ना, मग तुमच्यासमोर खायला घालायला सांगा आणि घास गिळेपर्यंत बघा. तोंडात घेऊन थुंकणं म्हणजे खाणं नव्हे. पोट आत गेलेलं किंवा डोक्यामागची पाठ खपाटीला लागलेली असेल तर खाल्लं तरी घेऊ नका.

पैसे परत मिळण्याचं म्हणाल तर बहुतेकांची हमी ‘जिवंत पोचेल’ एवढीच असते. चुकीची जात आली, याला त्यात जागा नाही. बिलावर शास्त्रीय नाव लिहून घेतलं तरच वाद घालता येतो, आणि पिशवी उघडताना न थांबवता काढलेला व्हिडिओ सोबत असावा. नाव लिहायला टाळाटाळ झाली की बहुधा काय द्यायचं ते त्यालाही नीट माहीत नसतं, किंवा चांगलंच माहीत असतं.

डॉटीबॅक आत गेलाच असेल तर जाळी घेऊन मागे धावू नका; प्रवाळ मोडतील आणि तो सापडणार नाही. दार असलेला पारदर्शक पिंजरा त्याच्या बिळाजवळ ठेवा, दार दोऱ्याने उघडं बांधा आणि तीन-चार दिवस मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जीवांचं खाद्य) फक्त त्याच्या आतच द्या. मोकळेपणाने आत-बाहेर करायला लागला की एक दिवस उपाशी ठेवून दोरा सोडा. तेही जमलं नाही तर पाणी स्वच्छ पिंपांत काढून एक तृतीयांशावर आणा आणि खडक एकेक करून उचला. पाणी उतरलं की डॉटीबॅक पळत नाही, खडकाच्या भोकातच दडून बसतो आणि खडकाबरोबर बाहेर येतो. म्हणून प्रत्येक खडक उचलताना खाली टाकीच्याच पाण्याची बादली धरा.