कांदा वाटीत की वाटणात? लो फॉडमॅपवर असताना ठाणे-नवी मुंबईत बाहेर कुठे खावं

लो फॉडमॅप म्हणजे पोट सतत फुगणाऱ्या-दुखणाऱ्यांसाठीचा आहार: कांदा, लसूण, गहू, डाळी, दूध अशा पदार्थांतल्या, आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या साखरा (फॉडमॅप) टाळायच्या. त्याचा पहिला, सगळं टाळण्याचा टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा असतो आणि घरच्या स्वयंपाकावर तो निभून जातो. अडतं ते दुपारी दीड वाजता, ऐरोलीच्या किंवा बेलापूरच्या ऑफिसातून खाली उतरल्यावर, नाहीतर संध्याकाळी गोखले रोडवर चार जण मिळून खायला निघाल्यावर. अशा वेळी पोटभर खाण्यासाठी समोर साधारण दोन पर्याय असतात. एक म्हणजे फूड कोर्टातलं राइस बाऊलचं काउंटर: काचेमागे भात, भाज्या, चिकन, सॉस मांडलेले, आपण बोट दाखवायचं आणि समोरचा भरून देतो. दुसरा म्हणजे कोपऱ्यावरचं उडुपी. मालवणी खानावळ हा तिसरा, त्याबद्दल पुढे थोडक्यात. वडापाव, मिसळ आणि पावभाजीचा विचार या आठवड्यांत करूच नये.

पहिल्या नजरेला बाऊल काउंटर सरळ जिंकतं. प्रत्येक जिन्नस डोळ्यांसमोर आणि वेगवेगळ्या डब्यात असतो. भात चालतो, काकडी चालते, लेट्यूस, गाजर, ऑलिव्ह चालतात, ढोबळी मिरची बेताने चालते. राजमा आणि काळे बीन्स नकोत, मक्याचे दाणे दोन चमच्यांपुढे नकोत, बटण मशरूम नकोत. आहारतज्ज्ञाने दिलेली यादी हातात धरून भरावं अशीच ही मांडणी आहे.

अडचण त्या डब्यांमध्ये असलेल्या एकाच गोष्टीची आहे, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. आपण निवडायला उभे राहतो तेव्हा निम्मी निवड आधीच होऊन गेलेली असते. चिकन, पनीर, टोफू हे सगळं आदल्या दिवशी किंवा पहाटे, बहुतेक वेळा दुसरीकडच्या मोठ्या किचनमध्ये, मॅरिनेट होऊन आलेलं असतं. त्यात लसणाची पेस्ट किंवा कांदा-लसणाची पावडर असतेच असं धरून चालावं. काउंटरवरच्या मुलाला ‘कांदा नको’ म्हटलं की तो वरून पेरायचा कच्चा कांदा टाळतो आणि मनापासून सांगतो, ‘कांदा नाही घातला सर.’ तो खोटं बोलत नसतो. मॅरिनेडमध्ये काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. सॉसचंही तसंच. साध्या मेयोनीजमध्ये अडचण कमी असते, पण मिंट मेयो, पेरी पेरी, चिपोटले या सगळ्यांत लसूण येतो आणि हनी मस्टर्डमध्ये मध, म्हणजे जास्तीचा फ्रुक्टोज, ही फॉडमॅपमधलीच एक साखर.

भिंतीवर लावलेला अ‍ॅलर्जीचा तक्ताही इथे उपयोगी पडत नाही. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, 2020 च्या नियमांनुसार 10 किंवा जास्त शाखा असलेल्या साखळीला मेनूवर कॅलरी दाखवाव्या लागतात आणि अ‍ॅलर्जीची माहितीही द्यावी लागते. पण त्या यादीत ग्लुटेन, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, सुकामेवा, सोया अशी नावं आहेत. कांदा आणि लसूण त्यात नाहीत. तक्ता पाहून निर्धास्त झालेला माणूस नेमका इथे फसतो.

पावडर जराशीच असते, तिने काय होणार, असं वाटू शकतं. कांद्या-लसणातले फ्रुक्टान (त्रास देणारे फॉडमॅप ते हेच) पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. म्हणून आख्ख्या पाकळ्या तेलात परतून पूर्ण काढून टाकल्या तर ते तेल चालतं, पण त्याच फोडणीत वरण किंवा पाणी ओतलं की पाकळ्या बाजूला काढूनही उपयोग नसतो, फ्रुक्टान रसात उतरलेले असतात. दह्यात किंवा लिंबाच्या रसात भिजलेलं चिकन हे पाण्यातलंच प्रकरण आहे. वरून खरवडून ते निघत नाही. आणि पावडर म्हणजे पाणी काढून टाकलेला कांदा, त्यामुळे चमचाभर पावडर चमचाभर ओल्या कांद्यापेक्षा कितीतरी जड पडते.

तरीही जवळपास दुसरं काही नसेल तर बाऊल असा भरून घ्यावा: साधा पांढरा भात (लेमन राइस किंवा सिलांट्रो राइस घेण्याआधी विचारावं), उकडलेली दोन अंडी, काकडी, लेट्यूस, थोडं गाजर, वर लिंबू, मीठ, मिरपूड आणि साधं ऑलिव्ह तेल. चिकन हवंच असेल तर ‘मॅरिनेट न केलेलं, नुसतं मीठ लावलेलं आहे का’ असा प्रश्न काउंटरवरच्या मुलाऐवजी मॅनेजरला विचारावा, आणि उत्तर द्यायला तो आत जाऊन आला तरच त्यावर विश्वास ठेवावा. पोट भरतं, पण जिथे सगळं निवडता येतं तिथे शेवटी भात आणि अंडीच हातात येतात, आणि पैसे मात्र पूर्ण बाऊलचे जातात.

उडुपीत गणित उलटं आहे. मेनूकार्ड वाचलं तर सगळं धोक्याचं वाटतं. सांबारात कांदा, मसाला डोशाच्या भाजीत कांदा, म्हैसूर डोशाच्या लाल चटणीत लसूण, उपम्यात रवा म्हणजे गहू. पण यातलं जवळजवळ सगळं वेगळ्या वाटीत येतं किंवा शेवटच्या मिनिटाला तव्यावर पडतं. मूळ पीठ साधं असतं: तांदूळ, उडीद डाळ, चिमूटभर मेथी, मीठ. इडलीला साधारण तीन-चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद. डाळ भिजते, पाणी ओतून दिलं जातं, पीठ रात्रभर आंबतं. डाळींतल्या ज्या साखरा आपल्याला त्रास देतात, त्या या दोन्ही पायऱ्यांवर कमी होतात. एका इडलीच्या वाट्याला उडीद येतो तोही मोजकाच.

ऑर्डर नेमकी द्यावी. ‘अण्णा, इडली एक प्लेट, सांबार नको, चटणी वेगळ्या वाटीत, वरून तूप.’ डोशासाठी: ‘साधा डोसा, आत भाजी नको, लाल चटणी लावू नका.’ नुसतं ‘कांदा-लसूण नको’ म्हणू नये, कारण मग वेटर स्वतःच्या अंदाजाने काहीतरी बदलून आणतो. काय आणायचं आणि काय नाही, हे पदार्थांच्या नावाने सांगितलं की गोंधळ होत नाही.

खोबऱ्याच्या चटणीबद्दल दोन गोष्टी विचाराव्यात: लसूण आहे का, आणि डाळवं किती. बऱ्याच उडुप्यांत पांढऱ्या चटणीत लसूण नसतो, पण हिरव्या चटणीत असू शकतो. डाळव्याने चटणी दाट होते आणि हरभऱ्याचा अंश वाढतो, म्हणून दोन चमच्यांवर थांबावं आणि दुसऱ्यांदा आणलेली वाटी परत पाठवावी. पोडी (इडलीसोबतची कोरडी चटणी) चमचाभर तेलात कालवून चालते, लसूण नसल्याची खात्री करून.

तव्याविषयी एक शंका नेहमी येते. डोसा घालण्याआधी तव्यावर अर्धा कापलेला कांदा फिरवतात. ज्याला कांद्याची अ‍ॅलर्जी आहे त्याने यावर जरूर हरकत घ्यावी. फॉडमॅपचा प्रश्न मात्र मात्रेचा आहे, आणि तव्यावर राहणारा रसाचा ओरखडा त्या हिशेबात येत नाही. त्यासाठी स्वयंपाक्याशी वाद घालण्यापेक्षा पिठात रवा किंवा मैदा मिसळलाय का हे विचारलेलं बरं. कुरकुरीतपणासाठी काही ठिकाणी मिसळतात.

टाळायच्या गोष्टी भराभर सांगतो. रवा डोसा आणि रवा इडली गव्हाच्या. मेदूवडा म्हणजे सगळा उडीदच, एखादा तुकडा ठीक. कांदा उत्तपा उघडच नको. दहीभात आणि फिल्टर कॉफीत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर; कॉफीच्या पेल्यात बहुतेक दूधच असतं, तेव्हा सुरुवातीचे आठवडे कोरा चहा बरा. नीर डोसा मिळत असेल तर तो पहिल्या पसंतीचा, कारण त्यात नुसता तांदूळ असतो.

प्रमाणाचं मोजमाप माझ्याकडे प्रयोगशाळेतलं नाही, पोटाचं आहे. दोन इडल्या आणि एक साधा डोसा यावर दुपार शांत जाते. चार इडल्या, वडा आणि भरपूर चटणी झाली की एकेक पदार्थ चालणारा असूनही संध्याकाळी पोट फुगतं. फॉडमॅप असे थोडे थोडे साठत जातात. प्रत्येकाचं पोट वेगळं असतं, म्हणून पहिल्यांदा कमीच घ्यावं.

आता ‘जैन’ या शब्दाबद्दल. ठाण्यात आणि वाशीत हा शब्द प्रत्येक किचनला कळतो, आणि लो फॉडमॅपवाल्यांना इतका उपयोगी दुसरा शब्द नाही. जैन सांबार मागितलं की कांदा-लसूण नक्की जातो. दोन-चार चमचे घ्यावं, पूर्ण वाटी नको, तूरडाळ असतेच. जैन मसाला डोशात बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी येते आणि कच्चं केळं चालतं; मटार घातलेत का तेवढं पाहावं. पण हाच शब्द पंजाबी पदार्थांना लावला तर उलटा पडतो. जैन पनीरच्या ग्रेव्हीत कांदा नसतो म्हणून दाटपणा काजूच्या पेस्टने आणतात, आणि काजू फॉडमॅपमध्ये चांगलाच वरचा. जैन पावभाजीत फ्लॉवर आणि मटार वाढतात. बटाटा हवा असेल तर ‘स्वामीनारायण’ म्हणावं: कांदा-लसूण नाही, पण बटाट्याला हरकत नाही. घोडबंदर रोडवरच्या आणि वाशीतल्या गुजराती वस्तीजवळच्या हॉटेलांत हा फरक लगेच समजतो. ज्यांना सीलिअ‍ॅकही आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन अजिबात चालत नाही, त्यांनी हिंगाची चौकशी करावी, कारण बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. नुसत्या फॉडमॅपसाठी चिमूटभर हिंगाची काळजी नको.

मालवणी खानावळ हा पर्याय मनाला पटतो, कारण मासा आणि तांदळाची भाकरी दोन्ही निर्धोक आहेत. घावणेही तसेच. पण माशाला सकाळीच आलं-लसणाचं हिरवं वाटण चोळून ठेवलेलं असतं, सोलकढीत लसूण ठेचलेला असतो आणि सगळ्या रश्शांना एकच वाटण लागतं. म्हणजे बाऊल काउंटरचीच अडचण, फरक इतकाच की इथे विचारायला समोर स्वयंपाकीण असते. बारा वाजायच्या आत गेलात आणि मावशींना ‘एक तुकडी नुसतं मीठ, हळद, तिखट आणि आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून द्याल का’ असं विचारलंत, तर बऱ्याचदा मिळते. एक ते अडीचच्या गर्दीत ही अपेक्षा ठेवू नये. कोंबडी-वड्यांतले वडे टाळावेत, त्यांच्या पिठात डाळी असतात आणि अनेक ठिकाणी गहूही. तिखटाने होणारी जळजळ ही वेगळी तक्रार आहे, तिचा दोष कांद्यावर टाकून यादी आणखी लांबवू नये.

म्हणून उडुपी आणि बाऊल शेजारी शेजारी असतील तर पाय उडुपीकडे वळवावेत असं मला वाटतं. मांसाहाराशिवाय जेवण अपुरं वाटणाऱ्याला हे पटेलच असं नाही. त्याला अंड्यांचा बाऊल बरा. मासिक पगारातून रोज बाहेर जेवणाऱ्यालाही उडुपी परवडतं, हा फरक लहान नाही.

उडुपीत रोज तेच खाऊन कंटाळा आला तर नौपाडा, राम मारुती रोड किंवा वाशी सेक्टर 17 च्या आसपास मराठी नाश्त्याचं दुकान शोधावं आणि साबुदाण्याची खिचडी मागावी. साबुदाणा, बटाटा, दाण्याचा कूट, जिरं, मिरची, तूप. उपवासाचा पदार्थ म्हणून त्यात कांदा, लसूण, गहू आणि डाळ यांतलं काहीच येत नाही, आणि तसं सांगावंही लागत नाही. दाण्याचा कूट मूठभरापर्यंत चालतो. सोबत दही येतं, ते बाजूला ठेवावं. चटणी घ्यायची असेल तर उपवासाचीच का हे विचारावं, कारण एरवीच्या दिवशी तीच वाटी डाळव्याच्या चटणीने भरलेली असते. एकादशीला किंवा संकष्टीला खिचडी सारखी नव्याने होत राहते. इतर दिवशी सकाळी दहाच्या आत गेलं तर ताजी आणि मोकळी मिळते, दुपारनंतर गोळा झालेली.