सायकलवरचा अख्खा हिवाळा : काढता येणाऱ्या बाह्या आणि मागचा लाल दिवा

मोर्शी-वरूडकडची थंडी पहाटे बोटं आखडवते आणि दहा वाजता घाम काढते. डिसेंबरात सकाळी १०-१२ अंश, दुपारी २८-३०. जाड जॅकेट घातलं तर परतताना ते कमरेला बांधून आणावं लागतं. म्हणून यंदा दिवाळीनंतर आर्म वॉर्मर, म्हणजे मनगटापासून दंडापर्यंत चढवायच्या सुट्या बाह्या घेतल्या. फेब्रुवारी संपेपर्यंत त्याच वापरल्या.

अंधारात निघताना चढवायच्या. सिंभोऱ्याच्या धरणापर्यंत ऊन अंगावर आलं की चालत्या सायकलवरच मनगटाकडे गोळा करायच्या, मग थांबून जर्सीच्या मागच्या खिशात टाकायच्या. दोन्ही मिळून एका मोसंबीएवढा गोळा होतो. आतली लव धुऊनही टिकली. दंडाजवळची सिलिकॉनची पट्टी मात्र जानेवारीपासून सैल पडली आणि डावी बाही घसरू लागली. माप घेताना दंडाचा घेर मोजा आणि दोन मापांच्या मध्ये असाल तर लहान घ्या.

छातीचं काम बाह्या करत नाहीत. १० अंशांत ताशी २० किलोमीटरने गेलं की अंगाला ७ अंशांसारखं लागतं. जर्सीच्या आत वर्तमानपत्राचं एक पान सरकवलं की वारा अडतो, उकडलं की काढून टाकता येतं. त्यासाठी वेगळं काही विकत घ्यायची गरज मला वाटली नाही.

पूर्ण बोटांचे हातमोजे ठीकच. ऊब चांगली, पण अंगठ्याची शिवण लवकर उसवली.

मागच्या दिव्यावर मात्र पैसे वाचवू नका, हे मी कळकळीने सांगतो. जानेवारीत सूर्यच सातच्या आसपास उगवतो. त्यात धुवारी उतरली की संत्र्यांचे ट्रक आणि कापसाच्या ट्रॉल्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत, मग त्यांना आपण कसे दिसणार? माझा दिवा यूएसबीवर चार्ज होतो, दवाने भिजूनही बंद पडला नाही. धुवारीत तो लुकलुकता न ठेवता सलग पेटता ठेवतो, कारण लुकलुकणाऱ्या दिव्यावरून मागच्याला अंतराचा अंदाज नीट येत नाही. सीटखाली पिशवी असेल तर दिवा तिच्या खाली बांधा, नाहीतर तो झाकला जातो.

टायरचंही बघा. दुपारी ३० अंशांत ६० पीएसआय हवा भरली, तर पहाटे १० अंशांत ती ५५ च्या आसपास भरते. हवा गळालेली नसते, गारठ्याने दाब उतरतो. पण वाळलेल्या गवतातले सराटे आणि उपटलेल्या पऱ्हाटीची खुंटं खरोखर पंक्चर करतात. त्यासाठी ट्यूबमध्ये सीलंट घातलं. सराट्याची बारीक भोकं ते बुजवतं, पऱ्हाटीचं भोक बुजत नाही. जास्तीची ट्यूब आणि पंप सोबत लागतोच.

पुढच्या हिवाळ्यात दिवा हाच राहील. बाह्या नव्या घेईन, पण शिवलेल्या इलॅस्टिकच्या.