एका कानाचा हेडसेट : नियंत्रण कक्षातील चौदा महिन्यांचा अनुभव

मी मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षात डिस्पॅचरचे काम करते. ११२ वर केलेला कॉल आधी नवी मुंबईतील महापे येथील किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो आणि तेथून घटनेची नोंद आमच्या पडद्यावर उतरते. मग जवळची गाडी निवडून रवाना करणे, तिच्या एमडीटीवर (गाडीत बसवलेल्या पडद्यावर) माहिती पोहोचली का हे पाहणे आणि पत्ता अर्धवट असेल तर त्या माणसाला उलट फोन लावून ‘फाट्यापासून उजवीकडे की डावीकडे’ हे विचारून घेणे, हे आमच्या वाट्याला येते. एवढे सविस्तर सांगण्याचे कारण म्हणजे हेडसेटची जाहिरात वाचताना जे गुण डोळ्यांत भरतात, त्यांतील निम्मे या कामात निरुपयोगी ठरतात.

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे हादरे परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. त्या वेळी माझ्या जुन्या हेडसेटची तार विशिष्ट कोनात धरली तरच आवाज येत होता. मी डाव्या हाताने तार धरून उजव्या हाताच्या दोन बोटांनी गावांची नावे टंकत होते. पुढच्याच आठवड्यात बाजारातून स्वतःच्या खर्चाने २,६५० रुपयांचा, यूएसबीचा, एकाच कानावर बसणारा हेडसेट आणला. त्याचाच हा अभिप्राय आहे.

दुकानदाराने आधी दोन्ही कान झाकणारा, दणदणीत बासचा, दुप्पट किमतीचा हेडसेट पुढे केला होता. तो मी नाकारला आणि त्याचा आजवर पश्चात्ताप झालेला नाही. साध्या फोनचा आवाज साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात येतो, त्यामुळे खालचा घुमारा हवा कशाला? उलट ‘स’ आणि ‘श’ यांतील फरक बराचसा त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला आणि त्याच्याही पुढे असतो, म्हणून सेलगाव की शेलगाव हा प्रश्न कितीही महागडे यंत्र लावले तरी सुटत नाही. तालुका विचारावाच लागतो. या हेडसेटमध्ये बोलण्याचा मधला पट्टा स्वच्छ आणि पुढे आलेला ऐकू येतो, एवढे मला पुरेसे आहे.

दुसरा कान मोकळा राहणे ही मात्र सोय नव्हे, गरज आहे. उजव्या कानात शेतातून फोन करणारी बाई बोलत असते आणि त्याच वेळी टेबलावरच्या बिनतारी संचावर गाडीतील अंमलदार ‘पॉईंटवर पोहोचलो, इथे कुणीच नाही’ असे सांगत असतो. दोन्ही कान झाकलेले असते तर ते वाक्य मी चुकवले असते आणि त्याला पुन्हा बोलायला लावले असते. बालाघाटच्या डोंगरांकडे गेलेल्या गाडीचा आवाज आधीच तुटक येतो, कारण बिनतारी संचाच्या व्हीएचएफ लहरी डोंगर सहज ओलांडत नाहीत. तेथे एकच संदेश दुसऱ्यांदा मिळेल याची खात्री नसते.

माइकविषयी मिश्र मत आहे. आमच्या कक्षात मार्चपासून कूलर चालतो आणि त्याची एकसुरी घरघर हा माइक चांगली दाबतो. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचे बोलणे मात्र तो तितकेसे गाळू शकत नाही. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटे अंतरावर ठेवल्यावर हा त्रास बराच कमी झाला. अचानक आलेली किंकाळी ११८ डेसिबलवर रोखली जाते असे खोक्यावर लिहिले आहे. ते मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही, पण रात्रपाळीनंतर कानात घुमणारी शिट्टी बंद झाली, हे खरे.

आता दोष. कानावरची रेक्झिनची गादी पहिल्याच उन्हाळ्यात घामाने सोलली गेली आणि तिचे काळे तुकडे गालाला चिकटू लागले. कापडी गादी वेगळी घ्यावी लागली. तार मध्येच सोडवण्याची सोय नसल्यामुळे घाईत उठताना दोनदा मी संगणकासह ओढली गेले. तारेवरील आवाज बंद करण्याचे बटण इतके गुळगुळीत आहे की ते चुकून दाबले गेले तरी बोटाला कळत नाही. एकदा मी एका घाबरलेल्या आजोबांना तीन वेळा ‘बाबा, घाबरू नका, गाडी निघाली आहे’ असे सांगितले आणि पलीकडून ‘हॅलो, आहे का कुणी?’ एवढेच येत राहिले. दिवा लागतो, पण तो तारेवर मांडीजवळ असतो आणि आमचे डोळे पडद्यावर असतात. चौथ्यांदा बोलण्याआधी ते ध्यानात आले. तेव्हापासून त्या बटणावर लाल नेलपॉलिशचा जाड, खरखरीत थर दिला आहे. रंगाचा उपयोग नाही, खरखरीचा आहे.

महिन्यापूर्वी शेजारच्या सहकाऱ्याने हाच हेडसेट घेतला. कापडी गादी त्याने त्याच दिवशी घेतली आणि नेलपॉलिशची बाटली माझ्याकडून मागून नेली.