बाबांची भैमरथी शांत: दम्याच्या माणसाला सांभाळून होम करणारे गुरुजी

बाबांना सत्तरावं लागलं आणि आईने भैमरथी शांत, म्हणजे सत्तरीला करायचा शांतिहोम, करायचं मनावर घेतलं. साठीची उग्ररथ शांत राहून गेली होती, मधे बाबांची बायपास झाली, त्यामुळे या वेळी ती कुणाचं ऐकणार नव्हती. अडचण एकच. बाबांना दमा आहे आणि आमचा फ्लॅट कोथरूडमधला, दोन खोल्यांचा. गुरुजींनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय, ते मी पाळते. पण घरी असं कार्य करून घेताना गुरुजींकडून काय अपेक्षा ठेवावी हे इतरांना कळावं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एका ठिकाणी फोन केला होता. त्यांनी आजाराची चौकशी केली आणि लगेच सव्वा लाख जपाचा दर सांगितला, वर "पुन्हा ऑपरेशनची वेळच येणार नाही" अशी हमी. मी फोन ठेवला. आमच्या गुरुजींनी आधी बाबांच्या गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या. "काका, औषध एकही चुकवायचं नाही. आणि साखर आहे ना, मग उपाशी बसायचं नाही, दूध-फळं घ्या," हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. तिथेच आईचा जीव भांड्यात पडला.

चुलतभावाने हौसेने ऑनलाइन ‘संपूर्ण होम साहित्य’ मागवून दिलं होतं. गुरुजींनी तुपाची बरणी उघडली, थेंबभर तळहातावर चोळून वास घेतला आणि लेबल माझ्यापुढे धरलं. बारीक अक्षरात लिहिलेलं: फक्त पूजेसाठी, खाण्यास योग्य नाही. "जे काकांच्या वरणभातावर वाढणार नाही, ते अग्नीला कसं वाढायचं?" एवढंच म्हणाले. समिधांची तीच गत. एकाच झाडाच्या ओलसर काटक्या आणि त्यांवर नऊ ग्रहांच्या चिठ्ठ्या. गुरुजींनी आपल्या समिधा आणल्या: रुई, पळस, खैर, आघाडा, पिंपळ, उंबर, शमी, आणि राहू-केतूंसाठी दूर्वा नि दर्भ. काड्या सगळ्या वीतभर, सालीसकट, खणखणीत वाळलेल्या. ओलं लाकूड आणि भेसळीचं तूप, घरातल्या धुराचं मूळ निम्म्याहून जास्त इथेच असतं असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटलं.

कुंड तांबट आळीतून आणलेलं, लहानसं तांब्याचं. खाली विटा, त्यावर वाळू, जागा गॅलरीच्या दाराशी. गणपतिपूजन, पुण्याहवाचन, नांदीश्राद्ध हे सुरुवातीचे विधी बाबांनी आईबरोबर पाटावर बसून केलं. पुण्याहवाचन झाल्यावर गुरुजींनी घड्याळ बघून स्वतः थांबून गोळी घ्यायला लावली. मग कलशावर मृत्युंजयरुद्राची स्थापना, नवग्रह, आणि ‘वरद’ नावाने अग्नी. हवन सुरू करण्याआधी बाबांकडून सगळ्या हविर्द्रव्यांचा, म्हणजे आहुतीच्या पदार्थांचा, त्याग एकदम म्हणवून घेतला, शेवटी "न मम", म्हणजे "हे माझं नाही". त्यामुळे पहिल्या काही आहुती स्वतः देऊन बाबा आतल्या खोलीत खुर्चीवर बसू शकले आणि त्र्यंबक (महामृत्युंजय) मंत्राच्या १०८ आहुती गुरुजींनी पूर्ण केल्या. तूप, तीळ, दूर्वा, आणि गुळवेलीचे चार-चार बोटांचे तुकडे. शास्त्रातच सोय आहे, पण यजमानाला ती सांगणारे गुरुजी भेटावे लागतात. पूर्णाहुतीला बाबा परत बाहेर आले. तेव्हा थोडा खोकला आला, पंपाची गरज पडली नाही.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते आज्यावलोकन. काशाच्या वाटीत पातळ केलेलं तूप, त्यात बाबांनी आपला चेहरा बघायचा. बऱ्याच ठिकाणी हे घाईत उरकतात, नुसती वाटी पुढे करतात. इथे गुरुजींनी बाबांना चष्मा काढायला सांगितला, वाटी पाटावर टेकवली आणि तुपावरचा तरंग थांबेपर्यंत मंत्रही थांबवला. बाबा वाकून बघत राहिले, मग आईलाही जवळ बोलावलं. ती वाटी तुपासकट दान दिली.

आता जे खटकलं ते. साहित्याची यादी आदल्या दिवशी संध्याकाळी आली, त्यामुळे भावाला मंडईत पळापळ करावी लागली. सोबतचे एक गुरुजी पाऊण तास उशिरा आले आणि पूर्णाहुतीला दीड वाजला. मधुमेह असलेल्या घरी जेवण इतकं लांबणं बरोबर नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

तीन ब्राह्मण, समिधा-हविर्द्रव्यांसकट २१ हजार दक्षिणा आधी ठरली होती, वर एक रुपया मागितला नाही. फुलं, फळं, वस्त्रं आणि काशाची वाटी आमची. मंत्र मराठीत दोन वाक्यांत समजावून सांगत होते, म्हणून माझी दहावीतली भाची शेवटपर्यंत जागची हलली नाही.

शांत जन्ममासात, जन्मनक्षत्रावर धरतात. बाबांचा मार्गशीर्ष, रोहिणी, त्यामुळे दिवस बदलायला वाव नव्हता. तुमच्याकडेही तसंच असेल तर निदान दोन महिने आधी गुरुजींना विचारा, आणि साहित्याची यादी त्याच दिवशी मागून घ्या.